न्हाय सांगायला येणारा केरबा

गडहिंग्लजमध्ये सकाळी सकाळी केरबा शिंगे कुणाच्या दाराशी दिसला, की शेजारीपाजारी समजून जातात, या घराचं काहीतरी काम फिसकटलं. केरबा आता दुसऱ्याच्या लाकूड गिरणीत मिस्त्री आहे. काम वेळेवर होणार असेल तर तो कुणाकडून तरी निरोप धाडतो, कधी तेवढंही करत नाही. होणार नसेल तर मात्र स्वतः जातो. दाराशी चप्पल काढतो आणि पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत सांगून मोकळा होतो, "तुमचं काम या महिन्यात हुणार न्हाय. दुसरीकडं बगा." लोक चिडतात, सकाळच्या पारी हे काय तोंड घेऊन आलं म्हणतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याकडेच येतात.

ही खोड त्याला जन्मापासूनची नाही. सरकारनं लावलेली आहे. कशी लावली, ते सांगतो.

केरबाचा बाप दुसऱ्याच्या वखारीत ओंडके उचलून उचलून म्हातारा झाला. पोरगा त्याच वखारीत करवतीच्या पट्ट्याला धार लावायला शिकला, मग कापायला शिकला, आणि मालक झोपा काढायला लागल्यावर सगळी गिरणी चालवायला शिकला. पुढं आजऱ्याच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घालून त्यानं स्वतःची गिरणी काढली. रुळावरून सरकणाऱ्या ट्रॉलीचं मोठं मशीन होतं. आंबा, जांभूळ, फणस, शेतकरी बांधावरचा कितीही जाडजूड ओंडका घेऊन येवो, संध्याकाळी त्याच्या फळ्या होऊन गाडीत पडायच्या. बौद्धवाड्यातल्या माणसाची गिरणी म्हणून सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली. पण नाक मुरडून दाराची चौकट होत नाही, तेव्हा तेही यायला लागले.

गिरणीत दोनच माणसं कायमची. केरबा आणि गुंडू. गुंडू शेजारच्या गावचा, गिरणीतनं उरलेल्या वेळात बापाचं रान बघणारा. दसऱ्याला बाकीच्या गिरण्यांत मशीनला हळदकुंकू लागायचं. केरबाच्या गिरणीत मशीन पुसून लख्ख करायचं, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा आणि सगळ्यांना खीर वाटायची. गुंडू मात्र मालकाची पाठ वळली की झेंडूचं एक फूल मोटारीच्या मागं सरकवायचा. केरबाला ते दिसायचं. तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा.

केरबाचा एक नाद होता. सरकारी डेपोतल्या लिलावातून घेतलेल्या ओंडक्याच्या टोकावर वनखात्याचा हातोडा मारलेला असतो. लोखंडी हातोड्याच्या तोंडाला उलटी अक्षरं कोरलेली, ती लाकडात ठसतात. तो ठसा म्हणजे हे लाकूड चोरीचं नव्हे, याची खूण. बाकीचे लोक ठशाच्या बाजूची चकती कापून चुलीत घालतात. केरबा ती शेडच्या भिंतीला ठोकायचा. भिंत चकत्यांनी भरली होती. त्याची बायको आक्काताई म्हणायची, "अवं, लोकं देवाधर्माचं फोटू लावत्यात, तुमी सरकारचं शिक्कं लावताय."

"आपल्या दारात लाकूड दिसलं की लोक पयलं इचारत्यात, कुठनं चोरलं," केरबा म्हणायचा. "त्यास्नी तोंडानं उत्तर द्यायचं न्हाय. भित्तीनं द्यायचं."

अशा या माणसाच्या गिरणीत पंच्याण्णव साली एक दिवस वनखात्याचे रेंजर आले. बाळासो इंगवले त्यांचं नाव. माणूस दिलदार, बोलायला गोड, लाच खाणारा नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसानं वाईट केलं की त्याची गोष्ट सांगायला लागत नाही. इंगवल्यांनी चहा घेतला, भिंतीवरच्या चकत्या बघितल्या आणि त्यांना केरबाबद्दल मनापासून माया वाटली. ते म्हणाले, "केरबा, डोंगरात खात्यानं लावलेला साग दाट झालाय. त्यातली बारकी झाडं आता काढायची. एक साल न्हाय, दरसाल निघणार. पण बारकं लाकूड कापायचं मशीन हिकडं कुणाकडंच न्हाय. तू घाल. तुझी गिरणी कधी थांबायची न्हाय बघ."

केरबा लगेच हुरळला नाही. मला झाडं दाखवा, म्हणाला. इंगवल्यांनी त्याला मोटारसायकलवर मागं बसवून डोंगरात नेलं. सागाच्या रांगाच रांगा होत्या, आणि काढायच्या झाडांच्या बुंध्यावर साल तासून हातोडे मारलेले होते. इंगवल्यांनी एक बारकं झाड पाडलं, त्याच्या टोकाची चकती कापली, खांद्यावरच्या पिशवीतून हातोडा काढला आणि तिच्यावर दणका घातला. "हा घे नमुना. असलंच लाकूड येणार."

लाकडाच्या धंद्यात हातोडा म्हणजे शब्द. तो पडला की बोलणं संपलं. सरकारनं आपल्या डोळ्यादेखत हातोडा मारला, आता आणि काय पाहिजे? केरबानं चकती गिरणीत आणली, भिंतीच्या मधोमध ठोकली आणि महिनाभरात ट्रॉलीचं मोठं मशीन निपाणीच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकलं. त्याच्या जागी बारीक लाकडाचं मशीन बसवलं. त्यात आंब्याचा ओंडका काय, त्याची फांदीसुद्धा जायची नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं असतं. केरबा थांबला. जाडे ओंडके घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना हात जोडून परत पाठवत राहिला. शहाण्णवच्या डिसेंबरात दिल्लीच्या कोर्टाचा आदेश आला. मंजूर आराखडा नसेल तर जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही. आपल्या डोंगरातल्या त्या सागाचा आराखडा मंजूर नव्हता. इंगवल्यांना ते कळलं. केरबाला कळलं नाही. त्यानं पेपरात कोर्टाची बातमी वाचली, पण ती चोरट्या तोडीबद्दल असेल असं त्याला वाटलं. आपल्या झाडांवर तर सरकारचाच हातोडा होता.

इंगवल्यांची मोटारसायकल रोज गिरणीवरून जायची. पूर्वी थांबायची. आता ते नुसता हात दाखवायचे.

त्या उन्हाळ्यात निपाणीच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. त्याला धंदा झेपत नव्हता, मशीन पुन्हा विकायचं होतं. ज्या भावानं घेतलं त्याच भावानं परत देतो, म्हणाला. आक्काताई म्हणाली, "आणा परत. उद्याच जाऊन आणा."

केरबानं विचार केला, आधी साहेबाला विचारावं. तो इंगवल्यांच्या क्वार्टरवर गेला. इंगवले दारात उभे होते, पायात चपला नव्हत्या. केरबानं सरळ विचारलं, "साहेब, मोठं मशीन परत मिळतंय. घिऊ का नगं? तुमचा साग येणार असंल तर न्हाय घेत."

इंगवल्यांनी क्षणभर रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "थांब जरा. येतंय की."

केरबानं निपाणीला नको म्हणून कळवलं. पुढच्याच आठवड्यापासून इंगवल्यांनी जायचा रस्ता बदलला. गिरणीवरून जाण्याऐवजी ते नदीकडून लांबच्या वाटेनं जायला लागले. मग बदली झाली, मग निवृत्ती. जाताना भेटायलाही आले नाहीत.

गिरणीला काम नाही म्हटल्यावर नको ती माणसं यायला लागली. एक जण रात्रीचा साग आणून टाकतो म्हणाला, वाहतुकीचा पास-बिस काही नाही, भाव निम्मा. गुंडू मालकाच्या तोंडाकडं बघत राहिला. केरबानं त्या माणसाला भिंत दाखवली आणि गेटाबाहेर घालवला.  

नव्व्याण्णव साली खात्याची नोटीस आली. गिरणी बराच काळ बंदच आहे, तरी तिचा परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा कोल्हापूरला येऊन करावा. म्हणजे लाकूड न देणारं खातं हेच, आणि लाकूड नाही म्हणून गिरणीला टाळं लावणारं खातंही हेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. परवाना एकदा गेला, की नवा मिळणं बंद झालं होतं. मिस्त्रीचा मालक झालेला केरबा पुन्हा मिस्त्री होणार होता, आणि गुंडू बेकार.

कोल्हापूरला जायच्या सकाळी केरबानं भिंतीवरची मधली चकती काढली आणि फडक्यात बांधली. आक्काताई म्हणाली, "त्ये कशाला घेताय? शिक्क्याचं लाकूड, त्याचा पास न्हाय आपल्याकडं."

"ह्योच तर पुरावा हाय. सरकारचा हातोडा हाय ह्येच्यावर."

कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर इंगवले बसले होते. केरबानं नोटिशीच्या उत्तरात त्यांचं नाव दिलं होतं, म्हणून खात्यानं त्यांना बोलावलं होतं. माणूस वाळला होता. दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले आणि बोलले नाहीत. आक्काताई मधे बसली.

आत मोठ्या साहेबांनी केरबाचं सगळं शांतपणे ऐकलं. त्यानं फडकं सोडून चकती टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलून उजेडात धरली. ठसा बघितला. मागची बाजू बघितली.

"हा आमच्याच हातोड्याचा ठसा आहे," ते म्हणाले.

केरबाचा चेहरा उजळला. "व्हय साहेब!"

"याचा वाहतूक पास?"

केरबानं आक्काताईकडं बघितलं.

"लिलाव कधी झाला या लाकडाचा? कुठल्या डेपोतून उचललं? तोड बंद असलेल्या जंगलातला साग आहे हा. शिक्का मारलेलं सरकारी लाकूड पास नसताना तुमच्या गिरणीत सापडतं. शिंगे, परवान्याचं नंतर बघू. हा तर गुन्हा आहे."

आक्काताईनं पदराचं टोक तोंडात धरलं. केरबानं आयुष्यभर चोरीचा आळ येऊ नये म्हणून भिंत भरून ठेवली होती, आणि त्याच भिंतीतली एक चकती आता त्याला चोर ठरवत होती.  वाचवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. बोलला तर त्याची स्वतःची मान अडकत होती. खात्याचा हातोडा असा कुणाला नमुना द्यायला वापरायचा नसतो. पेन्शनीचे कागद अजून ह्याच कचेरीत पडले होते.

"इंगवले," मोठे साहेब म्हणाले, "तुम्हाला याबद्दल काही माहिती आहे?"

वरचा पंखा कुरकुरत होता. इंगवल्यांनी मान वर केली नाही. आक्काताईला वाटलं, गेलं सगळं.

"मी मारलाय तो हातोडा," इंगवले म्हणाले. "झाड मीच पाडलं, चकती मीच दिली. पास केला न्हाय. केरबाचा काय दोष न्हाय त्यात."

"हे बोलण्याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे ना?"

"ठावं हाय साहेब. तीस वर्सं ह्याच खात्यात काढल्यात."

केरबाच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी डोक्यात राग चढला. माणसाचं असंच असतं, जीव वाचला की मग दुखायला लागतं. तो साहेबांकडं पाठ करून इंगवल्यांकडं वळला. "मशीन परत मिळत हुतं तवा मी तुमच्या दारात आलतो. तोड बंद झाल्याली तुमाला तवा ठावं हुतं का न्हवतं?"

"हुतं."

"मग न्हाय म्हणून एक शबुद का बोलला न्हाईसा?"

"तुझं मशीन मीच विकायला लावलेलं, केरबा. न्हाय म्हणायला तोंड उघडंना. वाटलं, पुढच्या साली मंजूर हुईल, कशाला मन मोडा."

मोठ्या साहेबांनी हात वर केला. "हे तुमचं आपसातलं झालं. रेंजरनं काही सांगितलं म्हणजे सरकारनं शब्द दिला असं होत नाही. तुम्ही धंदा करता. मशीन विकण्याआधी खात्री करून घेणं ही तुमची जबाबदारी होती."

"खात्री कुणाकडं करायची हुती साहेब?" केरबाचा आवाज चढला. "जंगल तुमचं. हातोडा तुमचा. सांगणारा माणूस तुमचा. आणि कुणाच्या दारात जाऊन इचारायचं हुतं मी? लाकूड न्हाय दिलासा, न्हाय दिलासा, कोर्टाफुडं तुमचं तरी काय चालतंय. पर न्हाय हाय म्हणून सांगायचं तरी कुणाचं काम हुतं का न्हाय?"

साहेब काहीतरी लिहीत राहिले.  गुन्ह्याची गोष्ट तिथंच मिटली. चकती खात्यानं ठेवून घेतली. परवान्याचा आदेश यथावकाश पाठवू, म्हणाले.

यथावकाश म्हणजे पुढचा उन्हाळा आला तरी काही नाही. तेवढ्यात वरच्या वाडीची शालूबाई आली. एकटी बाई, घराचे वासे वाळवीनं खाल्लेले. तिच्या बांधावर सिल्व्हर ओकची बारकी सरळ झाडं होती, केरबाच्या मशीनच्या अगदी मापाची. केरबानं कापून देतो म्हणून शब्द दिला. तिनं लाकूड आणून टाकलं आणि त्या शब्दावर घराचं जुनं छप्पर उतरवून ठेवलं. तेवढ्यात मशीनचा पट्टा तुटला. नवा कोल्हापूरहून यायला वेळ लागला, आणि वळवाचे ढग रोज दुपारी जमून जायला लागले.

पट्टा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या गेटात मोटारसायकल थांबली. इंगवले होते. किती वर्षांनी ती मोटारसायकल तिथं थांबली होती. केसांत, मिशीत धूळ. ते गाडीवरून उतरले आणि सरळ केरबासमोर येऊन उभे राहिले.

"काल पेन्शनीसाठी कोल्हापूरच्या कचेरीत गेलतो, सांच्याला तितं कळलं. उजाडायच्या आत निघालो," ते म्हणाले. "न्हाय म्हणाले रे, केरबा. परवाना रद्द. आज दुपारी जीप येणार सील कराय."

गुंडूच्या हातातला पाना खाली पडला. केरबानं तो उचलून जागेवर ठेवला. मग हळू म्हणाला, "त्या टायमाला असंच आला असतासा तर गिरणी वाचली असती."

"व्हय," इंगवले म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही.

केरबानं अंगणातल्या लाकडाकडं बघितलं. सील लागलं, की गिरणीतलं सगळं लाकूड आत अडकणार. चौकशी, पंचनामा, सोडवून आणणं. शालूबाई पावसाळा उघड्या भिंतीत काढणार, आणि ती केरबाच्या शब्दावर.

"गुंडू, पट्टा चढव," तो म्हणाला. "आक्काताई, तू वाडीवर जा. शालूबाईला म्हणावं ट्रॅक्टर घिऊन ये, आत्ताच्या आत्ता."

मशीन सुरू झालं. गुंडू ढकलत होता, केरबा धरत होता, आणि पलीकडून कापलेला वासा ओढायला माणूस नव्हता. इंगवल्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि तिथं उभे राहिले. केरबानं एकदा बघितलं आणि नाही म्हटलं नाही. भुसा उडत होता, उन्हं चढत होती. तिघंही रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवत होते. ट्रॅक्टर आला, शालूबाई आणि आक्काताई वासे भरायला लागल्या. ढीग निम्म्याच्या खाली आला होता तोच जीप आली.

खाली उतरलेला अधिकारी तरुण होता. त्यानं मशीन बंद करायला सांगितलं. केरबानं हात पुढं केला. "कागद द्या की. कागद घेतल्याबिगर कसं बंद करू?"

कागद मिळाला. केरबानं चष्मा शोधला. चष्मा त्याच्या खिशातच होता, पण त्यानं तो शेडभर शोधला. मग खाटेवर बसून एकेक ओळ वाचायला लागला. मागं गुंडू आणि इंगवले कापत होते. अधिकारी चुळबुळ करायला लागला, "लवकर सही करा."

"सरकारी काम हाय साहेब," केरबा कागदावरून नजर न काढता म्हणाला. "जरा थांबा की."

तो तरुण अधिकारी वासे ओढणाऱ्या म्हाताऱ्याकडं बघत होता. त्यानं इंगवल्यांना ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. तो जीपकडं परत गेला आणि ड्रायव्हरशी बोलत उभा राहिला.

शेवटचा वासा ट्रॉलीत पडला तेव्हा केरबानं सही केली. त्यानं स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. अधिकाऱ्यानं मशीनला सील लावलं, तापल्या लाखेचा वास शेडमध्ये पसरला.

शालूबाईला यातलं धड काही कळलं नव्हतं. ती ट्रॅक्टरवर चढता चढता म्हणाली, "अण्णा, लई उपकार झालं बगा. न्हाणीच्या छपराचं बारकं लाकूड राह्यलंय, त्ये उद्या आणून टाकू व्हय?"

गुंडूनं तोंड फिरवलं. आक्काताई काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती, पण केरबा ट्रॅक्टरजवळ गेला. चाकावर हात ठेवून तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "न्हाय, शालूबाई. उद्यापासनं गिरणी न्हाय. दुसरीकडं बगा."